दोन्ही कान दिसले पाहिजेत

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. पासपोर्ट फोटोत माझा हात धरणारा अजून जन्मायचाय! तीस वर्षांत माझा एकही फोटो कुठल्या कचेरीने परत पाठवलेला नाही. हनुवटी वर, खांदे सरळ, दोन्ही कान दिसले पाहिजेत! खंत एकच होती. एवढ्या हजारो फोटोंपैकी एकाखालीही माझं नाव कधी छापून आलं नाही. पासपोर्टवर फोटो काढणाऱ्याचं नाव कोण छापणार?

म्हणूनच पुस्तकवाल्या संपादकबाईंचा फोन आला, तेव्हा मी स्टुलावरून पडता पडता वाचलो.

त्याचं असं झालं. आमच्या स्टुडिओच्या वरच्या खोलीत पूर्वी एक तरुण व्हायोलिनवाला भाड्याने राहायचा. वाजवण्यापेक्षा सूर लावण्यातच त्याचा दिवस जायचा. सदानकदा खुंट्या पिळत बसलेला, म्हणून आम्ही त्याला ‘खुंट्या’च म्हणायचो. तोच खुंट्या आता एवढा मोठा झालाय, की त्याला ऐकायला लोक रांगा लावतात! त्याच्यावर जाडजूड पुस्तक निघणार होतं.

“त्यांचे सुरुवातीचे फोटो तुमच्याकडे असतील, असं तेच म्हणाले,” बाई म्हणाल्या. “पण सहज टिपलेले हवेत हं! त्यांना पत्ता नसताना काढलेले. उद्या अकराला येते.”

“ढिगाने आहेत!” मी म्हणालो. “खाली माझं नाव येईल ना?”

“येणारच की! ज्याचा फोटो, त्याचं नाव.”

फोन ठेवला आणि पहिल्यांदा मेहुण्याला कळवलं. त्याचा समोरच चकचकीत डिजिटल स्टुडिओ आहे आणि तो मला चारचौघांत ‘पासपोर्टभावोजी’ म्हणतो. म्हटलं, आता बघच!

मग माळ्यावरून खोकी उतरवली. खुंट्याचे एक्केचाळीस फोटो निघाले. आणि झाडून सगळ्या फोटोंत तो भिंतीला पाठ लावून, श्वास रोखून, थेट माझ्याकडे बघत होता. हनुवटी वर. खांदे सरळ. दोन्ही कान!

सगळं आठवलं. तो जिन्यात मस्त वाजवत बसलेला असायचा, मी कॅमेरा घेऊन जायचो आणि तोंडातून आपोआप निघायचं, “हं, इकडे बघ!”

नाक मुठीत धरून मेहुण्याकडे गेलो.

“त्यात काय, भावोजी! कॉम्प्युटरवर सहज करून देतो.”

त्याने मला हातात झाडू देऊन खिडकीत बसवलं, फोटो काढला, झाडूचं व्हायोलिन केलं आणि माझ्या मानेवर खुंट्याचं डोकं बसवलं. डोकं विशीतलं, ढेरी पन्नाशीतली!

दुसऱ्या दिवशी बाई बरोबर अकराला हजर. त्यांनी एक्केचाळीस फोटो चाळले.

“हे पोलीस ठाण्यात काढलेत का?”

मग झाडूवाला फोटो जवळ धरून, लांब धरून बघितला. “आणि ह्यांना तेव्हा एवढं पोट होतं?”

“खायचा भरपूर,” मी म्हणालो.

बाईंनी पर्स उचलली. माझं नाव दाराबाहेर निघालं होतं! तेवढ्यात बायको चहा घेऊन आली. “अहो, दोन बिस्किटं तरी घ्या,” म्हणत तिने फळीवरचा पत्र्याचा डबा बाईंपुढे सरकवला. बाईंनी झाकण उघडलं. आत बिस्किटं नव्हतीच. निगेटिव्हच्या तुकड्यांनी डबा काठोकाठ भरलेला!

“अगं बाई, डबा चुकला!” बायको म्हणाली.

“ते वाया गेलेलं आहे! राहू द्या!” मी ओरडलो.

पण बाईंनी एक तुकडा खिडकीच्या उजेडात धरला होता. मग दुसरा. मग तिसरा. चहा निवला. मीही मान पुढे काढली. खुंट्या दोरीवर ओला शर्ट टाकतोय आणि व्हायोलिन हनुवटीखाली तसंच! खुंट्या मांजराला वाजवून दाखवतोय आणि मांजर पाठ फिरवून बसलंय! खुंट्या तुटलेली तार हातात घेऊन रडतोय. तो बघून मलाही भरून आलं.

“सोनं आहे हो, सोनं!” बाई म्हणाल्या. “कुणी काढले?”

“मी!”

बाईंनी पुढचा तुकडा माझ्या नाकासमोर धरला. जिन्यावर खुंट्या वाजवत होता. “मग जिन्याखाली खुर्चीत तोंड उघडं टाकून झोपलेले हे कोण?”

समोरून मजा बघायला आलेला मेहुणा दारात खोकला.

“काय व्हायचं,” बायको म्हणाली, “रोलमध्ये दोन-तीन फोटो उरले की हे तो धुवायलाच घ्यायचे नाहीत. गिऱ्हाईक दारात खोळंबलेलं आणि हे दुपारचे घोरतायत! मग मीच मागच्या दारातून दिसेल ते टिपून रोल संपवायचे. हे म्हणायचे, फिल्म वाया घालवतेस. छापलं कधी काही नाही. पण मला टाकवेना. कापून डब्यात ठेवत गेले.”

“हिचेच आहेत,” मी म्हणालो. आणि खरं सांगतो, ते म्हणताना छाती अशी फुगली, की ‘मी’ म्हणतानासुद्धा फुगली नव्हती!

पुस्तक झोकात निघालं. खुंट्याने भर सभागृहात बायकोला व्यासपीठावर बोलावलं. लोक उभे राहिले, टाळ्या थांबेनात! सगळ्यात जोरात माझ्या. प्रत्येक फोटोखाली हिचं नाव.

आणि माझं? आलं की! पान सत्तेचाळीस. माझं, वडिलांचं, आडनाव, सगळं ठळक अक्षरांत. ‘सरावात मग्न कलाकार. खाली झोपलेले:’ आणि त्यापुढे मी!

मेहुण्याने ते पान दाराएवढं मोठं करून आपल्या काचेत लावलंय. त्याचं मला काही वाटत नाही. पण रोज सकाळी दुकान उघडताना तिकडे नजर जाते आणि जीव नुसता तळमळतो. हनुवटी छातीवर, खांदे वाकडे, आणि कान एकच दिसतोय हो!