पारसभाऊंचा तेवीस नंबर

आमचे शेजारी पारसभाऊ मुंगी दिसली तरी उचललेला पाय तसाच धरून ठेवतात, आणि रोज दिवस मावळायच्या आत वीस जणांना मारतात. मारण्याआधी हात जोडून म्हणतात, "मिच्छामि दुक्कडम्." म्हणजे, कळत-नकळत दुखावलं असेल तर माफ करा.

शेलूबाजारात त्यांचं कापडाचं दुकान आहे. साड्यांना फॉल-पिको करून मी तिथे द्यायला जाते. मरणारे असतात कॉम्प्युटरमधले. त्यात त्यांनी बुद्धिबळ खेळणारे चाळीस जण पाळले आहेत.

"वहिनी, तुमी तुरीचं बी कसं ठेवता?" त्यांनी मला एकदा विचारलं.

"दमदार झाडाचं."

"तसंच हे. आपसात खेळतात. हारले ते गेले. जिंकले त्यायच्या जोड्या लावाच्या. लेकराले अर्धी चाल मायची, अर्धी बापाची, अन् एखादी आपल्याच मनाची. पिढ्यान् पिढ्या असे हल्ला कराले शिकून राह्यले. मी कायीच शिकवत नाही."

गिऱ्हाईक समोर असलं तरी निकाल आधी. एका बाईला साडी दाखवताना म्हणाले, "हा रंग खुलते तुमाले. अकरा नंबरनं वजीर मारला." बाई साडी न घेताच गेली.

तेवीस नंबरचं मात्र वेगळं होतं. तो सुरुवातीलाच हत्ती देऊन टाकायचा आणि राजाच्या अंगावर धावायचा. बहुतेक वेळा हरायचा. तरी पारसभाऊ त्याला मारायच्या यादीतून वगळायचे. "आज तब्येत बरी नव्हती त्याची," म्हणायचे. त्यामुळे त्याची लेकरंही हत्ती फेकायला लागली.

"हा कोणावर गेला, भाऊ?"

"दादावर. आमच्या जुन्या डावांची वही भरली होती मी याच्यात."

दादा म्हणजे त्यांचे थोरले भाऊ, कारंज्याला असतात. पारसभाऊंनी घोड्याची चाल परत घेतली, असं म्हणत दादांनी पट उलटवला होता. पारसभाऊ म्हणतात, घेतलीच नाही. तेव्हापासून नऊ वर्षं बोलणं नाही. पर्युषणाच्या उपवासांनंतर माफीसाठी पारसभाऊ सगळ्या गावाला फोन लावतात, कारंज्याचा सोडून.

परवा गेले तर ते पडद्यासमोर घामाघूम होऊन बसलेले.

"निम्मं घराणं बिघडलं, वहिनी. आज तेवीसले लेकरायसकट नाही मारलं तर वर्षाची मेहनत गेली. मारलं, तर दादाची चाल पुन्हा दिसाची नाही. ते वहीबी वाळवीनं खाल्ली."

त्यांनी हात जोडले. रोजचे शब्द तोंडातून निघेनात. मग एक बोट बटणावर ठेवलं. बाहेर ऊन उतरत होतं. बोट हलेना.

मी एरवी त्यांच्याशी मोजकंच बोलते. पण तोंडातून निघून गेलं, "भाऊ, ह्यांची रोज माफी मागता. दादांची मागितली का कधी?"

साड्या ठेवून निघावं असं मला वाटायला लागलं. तेवढ्यात त्यांनी बटणावरचं बोट काढलं आणि फोन उचलला. त्यांना कमी ऐकू येतं, म्हणून फोनचा आवाज मोठाच असतो.

"दादा, मी पारस. तो घोडा मी परत घेतला होता."



"मले काय दिसत नव्हतं?" दादा म्हणाले. मग विचारलं, "आता कोण खेळते तुह्यासंग?"

पारसभाऊंनी पडद्याकडे पाहिलं.

"हाये एक," ते म्हणाले. "तुह्यासारखाच हत्ती फेकते."

दिवस मावळला होता. त्या दिवशी वीसच्या वीस जण जगले.