पापड्यांवरचं पगारपत्रक

सन १९७९, मे महिन्यातला पहिला शनिवार. चिंचवडात उन्हानं पत्रे तडतडत होते आणि घरोघरी वाळवणं चालली होती.

धोंडीबा कंपनीच्या कॉम्प्युटर खोलीत झाडलोट करी. बदली कामगार म्हणून सहा वर्षं काढून पंधरा दिवसांत तो कायम होणार होता. त्याच्या बायकोनं, सोजरबाईनं, शेजारच्या गोजाबाईकडून दोन शेर तांदूळ उसने आणून पापड्यांचं पीठ केलं. पसरायला कागद तेवढा हवा होता.

खोलीत कपाटाएवढा प्रिंटर होता. आत अक्षरांची साखळी फिरे, हातोड्या शाईच्या रिबिनीवर आपटत आणि सलग कागद घड्या घालत मागे पडे. त्या दिवशी मागे पडलेला गठ्ठा वरून कोरा दिसला. कोरा म्हणजे रद्दी. (सहा वर्षं झाडू मारल्यावर एवढं कळतं, असा धोंडीबाचा अभिमान.) गठ्ठा काखेत मारून तो घरी आला.

रविवारी तो पाहुण्यांकडे गेला असताना सोजरबाईनं गठ्ठा उलगडला. वर कोरा कागद, मध्ये काळा, खाली गुळगुळीत. तिला अक्षरओळख नव्हती. तिनं खालचा पसरला. संध्याकाळी धोंडीबा परतला तेव्हा पापड्या निघाल्या त्या अक्षरांसकट, तीही उलटी.

गोजाबाईचा नवरा अर्जुनराव त्याच कंपनीत टर्नर होता. त्यानं दाढीचा आरसा आणून पापडीसमोर धरला.

"धोंडीबा, अरे हे सगळ्यांचं पगारपत्रक हाय! हा बघ टोकन चारशे सतरा, म्हंजी मीच. ओव्हरटाइम..." आणि त्यानं आरसा खाली घेतला.

गोजाबाई पुढं वाकली. "शून्य हाय की हितं."

"उलटं दिसतंय गं ते."

"शून्य उलटं केलं तरी शून्यच! मग महिनाभर रात्री धा वाजेस्तोवर कुठं व्हता?"

अर्जुनराव आरसा घेऊन निघून गेला. गोजाबाई सोजरबाईकडं वळली. "माझं तांदूळ परत दे. माझ्याच तांदळानं माझं घर फोडलं."

"अवं, उद्या सात तारीख," सोजरबाई घाबरून म्हणाली. "लोकांचा पगार अडकंल नि आळ तुमच्यावर यील. गुमान जाळून टाका."

"चोर न्हाई मी," धोंडीबा म्हणाला.

सोमवारी त्यानं पापड्यांचा डबा कॉम्प्युटर खात्याच्या मारुतराव साहेबांच्या टेबलावर ठेवला.

"हे काय?"

"पगारपत्रक, साहेब. चारशेच्या वर माणसांचं. थोडं मोडलंय."

साहेबांनी डब्यात पाहिलं. हसले नाहीत.

"रिबीन सुकली होती, म्हणून वरची प्रत कोरी. पण हातोडीचा घाव कार्बनमधून खाली उमटतोच. तो गठ्ठा आम्ही टाकूनच दिला होता. रिबीन बदलून शनिवारीच पुन्हा छापलं. दहा मिनिटं लागली."

"म्हंजी रद्दीच व्हती?"

"रद्दीच. तू बोलला नसतास तर कुणाला कळलंही नसतं. पण पगाराचा कागद गेटाबाहेर गेला आणि पुरावा तूच आणून दिलास. आता मला वर रिपोर्ट लिहावा लागेल."

त्यांनी लिहिला. कायम होणं एक वर्ष पुढं गेलं. रद्दी धोंडीबानं अचूक ओळखली होती.

पुढच्या महिन्यात सोजरबाईनं गोजाबाईच्या उंबऱ्यावर दोन शेर तांदूळ मापून ठेवले.