हणमंतराव तांबड्या दिव्यास थांबले, त्याचें वर्तमान

श्री. चार वाटा मिळतात तेथें जो शेंदूर लेवून बैसतो आणि येणाऱ्याजाणाऱ्यांस सारख्याच ममतेनें पाहतो, त्या गजाननास आधीं नमस्कार, मग लेखणीस हात. शके एकोणीसशें अडतीस, दुर्मुखनाम संवत्सरे, मार्गशीर्ष मासीं एका तळ्याकांठच्या नगरीं जें घडलें तें यथामति लिहितों.

त्या राज्यांत मोटारींची दाटी बहुत जाहली, तेव्हां सरकारांनीं चौकोचौकीं दिवे उभारिले आणि हुकूम केला कीं तांबड्यास समस्तांनीं थांबावें, आणि कित्येक रस्ते एकाच दिशेचे ठरविले. मोटारवाले कुरकुरत कां होईना थांबूं लागले, परंतु सायकलस्वारांची फौज म्हणे, हा हुकूम इंजिनवाल्यांस, आम्हांस कशाला. त्या फौजेंत हणमंतराव शेवाळे म्हणोन एक वृद्ध होते. त्यांनीं कापडगिरणींत उमर घालविली, जन्मभर सायकल चालविली, आणि दिव्याकडे मान वर करोन कधीं पाहिलें नाहीं. त्यांची एकुलती लेक कांचन वाहतूक पोलिसांत शिपाई जाहली आणि तळ्याकडील चौक तिच्या हवालीं आला, तेव्हां हणमंतरावांस आभाळ ठेंगणें जाहलें. पोर उन्हांत उभी राहते, तिनें गार अन्न कां खावें, ऐसें म्हणोन त्यांनीं भाकरी आणि मेथीच्या भाजीचा डबा सायकलीस लाविला आणि निघाले. सरळ बाजूनें जावें तर तळ्यास वळसा पडे. मग त्यांनीं एकेरी रस्त्यांत उलटे शिरून थेट चौक गांठिला आणि तांबडा असतां मधोमध आले. तोंच डावीकडोन पाण्याचा टँकर आला. त्यानें ऐसा ब्रेक दाबिला कीं अवघा चौक किंचाळल्यासारखा जाहला, आणि टँकर हणमंतरावांपासोन हातभर अंतरावर उभा राहिला.

कांचननें नुकताच एक मोटारसायकलवाला अडविला होता. तो म्हणाला, "बाई, आता या आजोबांना काय करता?" तिच्या चेहऱ्यावरला रंग उडाला होता. ती चालत आली आणि तिनें सायकलीचें हँडल धरिलें. हणमंतराव हंसोन बोलिले, "अगं, गरम आहे, आधी खाऊन घे."

"आप्पा, सायकल वळवा. चालत मागे जा आणि तळ्याला वळसा घालून या."

"कांचन, मी तुझा बाप आहे."

"ते टँकरवाल्याला ठाऊक नव्हतं, आप्पा."

अवघे लोक पाहात होते. हणमंतरावांनीं डबा कठड्यास अडकविला, सायकल वळविली आणि चालत निघाले, ते वळसा न घालितां घरींच आले, आणि भिंतीकडे तोंड करोन निजले. पत्नी गोदूबाईंनीं सर्व ऐकून घेतलें आणि म्हणाल्या, "पोरीनं चुकीचं काय केलं?" ते बोलिले, "चुकीचं नाही केलं. पण चारचौघांत केलं."

सायंकाळीं कांचन घरीं आली. तिनें गणवेशही उतरविला नाहीं, चहा केला आणि कप बापापुढें धरिला, तों कप बशींत वाजूं लागला. हणमंतरावांनीं मान वर करोन लेकीकडे पाहिलें. मग त्यांचा राग कोठें गेला तो त्यांसही कळला नाहीं. त्यांनीं कप घेतला आणि पुसिलें, "काय झालं गं?" ती खालीं बैसली आणि हळूच म्हणाली, "तो ब्रेक ऐकला ना, तेव्हा मला शिट्टी वाजवायची होती. वाजवताच आली नाही, आप्पा. तोंडातून वाराच निघेना." हणमंतरावांनीं कप खालीं ठेविला. लहानपणीं ठेवीत तैसा तिच्या डोईवर हात ठेविला आणि चहा गार होईतों तैसेच बैसले.

दुसरे दिवशीं ते तळ्यास वळसा घालून सरळ बाजूनें आले. चौकांत तांबडा होता. पांढऱ्या पट्टीच्या अलीकडे त्यांनीं सायकल उभी केली आणि एक पाय भुईस टेकिला. पोरें त्यांच्या दोहों अंगांनीं निघोन जाऊं लागलीं, आणि एक पाववाला जातां जातां बोलिला, "चला की आजोबा, आपल्याला कोण विचारतंय?" हणमंतराव हालले नाहींत. उभें राहिल्यावर दुसरें कांहीं करावयास नव्हतें, म्हणोन ते समोर पाहूं लागले. समोर कांचन होती. एका हातानें तिनें बसगाड्यांची रांग रोखिली होती आणि दुसऱ्या हातानें एका काठीवाल्या आजींस पलीकडे नेत होती. ती त्यांच्या कानाशीं वांकोन कांहीं बोलली, त्या हंसल्या, आणि तिनें मागें वळोन ऐसी शिट्टी फुंकिली कीं अवघा चौक हालता जाहला. आपली लेक कामावर कैसी दिसते, हें हणमंतरावांनीं आजवर कधीं पाहिलें नव्हतें. त्यांचे डोळे भरोन आले. दिवा हिरवा जाहला तरी ते उभेच. मागून हॉर्न वाजूं लागले, तेव्हां कांचन कडेनें म्हणाली, "आप्पा, चला आता."

येणेंप्रमाणें वर्तमान आहे. त्या राज्यींचे समस्त सायकलस्वार सुधारले ऐसें लिहावें तर लेखणीस दोष लागेल. पाववाला अद्याप थांबत नाहीं. हणमंतराव मात्र नित्य थांबतात, आणि त्या चौकींचा तांबडा फार लौकर सरतो, एवढीच त्यांची सरकारकडे तक्रार आहे. शुभं भवतु.