ल्युडेकेंची शेवटची बाटली

जर्मनीतल्या ओस्नाब्रूकच्या पूर्व भागातल्या वस्ती-संग्रहालयातून गेल्या अकरा वर्षांत एक बटणसुद्धा हरवलेलं नाही, असं फोल्कमार डेटमर छातीठोकपणे सांगत. कुणी विचारलं तर सांगत, आणि कुणी विचारलं नाही तर जरा लवकर सांगत!

आणि ते खरंही होतं. जुन्या शाळेच्या तळघरातल्या चार खोल्यांमध्ये तीन हजार आठशे सोळा वस्तू होत्या. प्रत्येक वस्तूला क्रमांक, प्रत्येक क्रमांकाला कार्ड, आणि कार्डांच्या पेटीला कुलूप. कुलपाची किल्ली डेटमरांच्या गळ्यात! वस्तू कपाटाबाहेर काढायची तर चिठ्ठी भरायची: कोणी काढली, कशासाठी, कुठे ठेवली. डेटमर स्वतःच वस्तू काढत, स्वतःच चिठ्ठी भरत आणि स्वतःच ती तपासत. एकदा स्वतःचीच चिठ्ठी त्यांनी अक्षर नीट नाही म्हणून नाकारली होती.

पगार अर्थातच कुणालाच नव्हता. नऊ हौशी म्हातारे-म्हाताऱ्या मिळून हा सगळा कारभार चालवायचे. दर रविवारी दुपारी दोन ते पाच दार उघडं. पाहुणे येत चार-पाच. जोराचा पाऊस असला तर बारासुद्धा.

पण या वर्षी शाळेने तळघर परत मागितलं. डिसेंबरअखेर खोल्या रिकाम्या करा! तीन हजार आठशे सोळा वस्तू घेऊन जायचं कुठे? डेटमरांच्या घरी जेमतेम दीड खोली, त्यातही अर्धी खोली जुन्या बस-वेळापत्रकांनी भरलेली. कारण निवृत्त होईपर्यंत ते शहराच्या बससेवेची वेळापत्रकं बनवत असत.

आशा एकच होती. ल्युडेके यांच्या बंद पडलेल्या बिअर कारखान्याची दुमजली विटांची इमारत. तिच्या मालकीणबाई म्हणजे ल्युडेकेंची नात आनेग्रेट टोन्सिंग, वय वर्षं एक्क्याण्णव. त्यांच्या भाच्याला तिथे व्यायामशाळा काढायची होती. टोन्सिंगबाईंनी संग्रहालयाला पत्र पाठवलं: "भाचा म्हणतो, ही फुकटात काम करणारी मंडळी सगळं हरवून बसतील. आमच्या कारखान्याची शेवटची बाटली मी तुमच्याकडे दिली आहे. रविवारी तीन वाजता ती बघायला येते. मग इमारतीचं ठरवू."

डेटमरांनी उलटटपाली दोन पानी उत्तर धाडलं. त्यात 'बटणसुद्धा' हा शब्द तीनदा होता.

बाटली म्हणजे क्रमांक चारशे बारा. साधी तपकिरी, अर्ध्या लिटरची, तारेच्या कडीने बसणारं पांढरं चिनी मातीचं बूच, आणि बुचावर लाल अक्षरांत 'ल्युडेके'. बाकी बाटलीवर काही नाही. शुक्रवारी दुपारी पोस्टकार्डासाठी तिचा फोटो काढायचा होता. डेटमरांनी चिठ्ठी भरली, बाटली काढली, स्वयंपाकघरात खिडकीपाशी उजेड चांगला म्हणून फोटोही तिथेच काढला. तेवढ्यात अंगणातून हाका आल्या. संग्रहालयाचा उन्हाळी मेळावा सुरू झाला होता आणि सॉसेज भाजायचा चिमटा सापडत नव्हता! चिमट्याचा क्रमांक डेटमरांनाच माहीत.

मेळावा झकास झाला. संध्याकाळी स्वयंपाकघरात रिकाम्या बाटल्यांची रांगच रांग लागली. आता, रिकामी बाटली क्रेटबाहेर उभी दिसली की डेटमरांच्या हाताला खाज सुटायची. त्यांनी शिट्टी वाजवत एकूण एक बाटली क्रेटमध्ये भरली. ओटा लख्ख! आणि शनिवारी सकाळी नऊच्या ठोक्याला पाच क्रेट हातगाडीवर घालून ते सुपरमार्केटात हजर झाले.

तिथलं रिकाम्या बाटल्या गिळून अनामत रक्कम परत देणारं मशीन त्या दिवशी फारच आडमुठेपणा करत होतं. चौऱ्याण्णव बाटल्या घेतल्या आणि एक बाटली बाहेर ढकलली. डेटमरांनी ती परत आत ढकलली. मशीनने परत बाहेर ढकलली.

"अरे, बाटली आहे ही! तुझं कामच आहे ते!" डेटमर मशीनला म्हणाले.

मागे चार माणसं खोळंबली होती. "जाऊ द्या ना हो, काका, एका बाटलीने काय होतंय!" एक बाई म्हणाली.

"एका बाटलीनेच होतं!" डेटमर म्हणाले. "आज एक सोडली की उद्या क्रेट सोडाल!" त्यांनी रुमालाने बाटली पुसली, कडी सरळ केली, बूड पुढे करून तिसऱ्यांदा घातली. मशीन घरघरलं, विचारात पडलं आणि एकदाची त्याने बाटली गिळली. डेटमरांनी विजयी मुद्रेने मागे वळून पाहिलं.

अकरा वाजता ते रविवारची तयारी करायला संग्रहालयात आले. काचेचं कपाट आणि त्याच्या पाठीचा आरसा पुसला. मखमलीवरची धूळ झटकली. मखमलीवर एक गोल खळगा होता, बाटलीच्या बुडाएवढा. तो रिकामा होता.

चिठ्ठी जागेवर होती. 'काढणार: डेटमर. कारण: फोटो. ठिकाण: स्वयंपाकघर, खिडकी.' सही होती, तारीख होती, सगळं नियमाला धरून होतं. बाटली तेवढी नव्हती!

डेटमर स्वयंपाकघरात धावले. खिडकी लख्ख. ओटा लख्ख. आणि मग डोळ्यांपुढे ते मशीन उभं राहिलं. एकदा ढकलली, दोनदा ढकलली... मशीनला कळलं होतं! मशीन बिचारं सांगत होतं, नको, नको, आणि आपण रुमालाने पुसून, बूड पुढे करून... डेटमर तिथेच उलट्या बादलीवर बसले.

तेवढ्यात मनुकांचा केक घेऊन इर्मट्राउट कोल्बेबाई आल्या. संग्रहालयाचा केक त्यांच्याकडे आणि संग्रहालयाची अक्कलही, असं त्यांचं स्वतःचं मत होतं.

"अहो डेटमर, असे काय बसलात? चेहरा तर दह्यासारखा पडलाय!"

"चारशे बारा गेली," डेटमर कसेबसे म्हणाले.

"कुठे गेली?"

"मशीनमध्ये. मीच घातली. तीनदा घातली!"

कोल्बेबाईंनी केक खाली ठेवला. "मग बसलात काय? चला!"

सुपरमार्केटातल्या पोराने खांदे उडवले. मशीनमागच्या बाटल्या दहाच्या ट्रकने गेल्या होत्या. कुठे? धुवायला. तिथे फोन लावता येईल? लावा की. लावला. 'कार्यालय सोमवारी सात वाजता उघडेल,' असं एक गोड आवाज म्हणाला. डेटमरांनी तीनदा लावला. तिन्ही वेळा आवाज तितकाच गोड होता. सोमवारी सात! म्हणजे टोन्सिंगबाई येऊन, बघून, भाच्याच्या व्यायामशाळेला हो म्हणून झाल्यावर सोळा तासांनी!

"एकच उपाय," कोल्बेबाई हलक्या आवाजात म्हणाल्या. "अशाच कडीची दुसरी बाटली घ्या. लेबल भिजवून काढू. बुचाचं तोंड भिंतीकडे करू. एक्क्याण्णव वर्षांच्या डोळ्यांना काय दिसणार आहे?"

"अहो पण ही फसवणूक आहे!"

"मग जा, व्यायामशाळेत तीन हजार आठशे सोळा वस्तू डंबेल म्हणून लावा!"

डेटमरांनी बाटली घेतली. भरलेलीच मिळत होती. बिअर मोरीत ओतवेना, म्हणून भर दुपारी उपाशीपोटी अर्धा लिटर प्यावी लागली. लेबल सोलताना बाटली दोनदा हातातून निसटली, ती भीतीने की बिअरने, हे त्यांनाही सांगता आलं नसतं. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. एकदा तर त्यांनी उठून स्वतःच्या नावाने चिठ्ठी भरली: 'काढणार: डेटमर. कारण: मूर्खपणा.' आणि नियमाप्रमाणे सहीसुद्धा केली.

रविवारी तीन वाजायला पाच मिनिटं असताना टोन्सिंगबाई आल्या. ताठ कणा, हातात काठी, टोपीला एक पीस. डेटमर दार धरायला धावले.

"बसा ना बाई, आधी कॉफी घ्या," कोल्बेबाई लाडीगोडीने म्हणाल्या. "केक आजच केलाय!"

"कालचा आहे," टोन्सिंगबाई लांबूनच म्हणाल्या. "कडा सुकल्यात. बाटली कुठंय?"

एक्क्याण्णव वर्षांच्या डोळ्यांचं काय ते कोल्बेबाईंना कळून चुकलं!

कपाटापुढे टोन्सिंगबाई बराच वेळ उभ्या राहिल्या. डेटमर त्यांच्या मागे.

"डेटमर, बूच भिंतीकडे का?"

"ते... उजेडामुळे. रंग उडतो," कोल्बेबाई म्हणाल्या.

"तुम्हाला नाही विचारलं. डेटमर, जरा फिरवा बघू बाटली."

डेटमरांनी गळ्यातली किल्ली काढली. कुलूप उघडलं. बाटलीला हात लावला. कोल्बेबाई त्यांच्या पायावर पाय देत होत्या, चांगला जोरात. इमारत, तीन हजार आठशे सोळा वस्तू, अकरा वर्षं, सगळं त्या एका अर्धवर्तुळावर येऊन ठेपलं होतं. आणि डेटमरांना एकदम वाटलं की एवढ्या मोठ्या खोट्याला आपल्या पेटीत कार्डच नाही.

"बाई, ही तुमची बाटली नाही," ते म्हणाले. "तुमची मी काल परत केली. सुपरमार्केटात. मेळाव्याच्या रिकाम्या बाटल्यांबरोबर. मशीन घेत नव्हतं, मी जबरदस्तीने आत घातली. मला क्षमा करा. भाचा म्हणतो ते बरोबर आहे."

कोल्बेबाई मटकन खुर्चीत बसल्या. टोन्सिंगबाईंनी काठी जमिनीवर टेकवली. त्यांचे खांदे हलायला लागले. डेटमरांना वाटलं, बाईंना झटका आला, आता हेही आपल्याच नावावर! पण बाई हसत होत्या. टोपीवरचं पीस गदागदा हलत होतं.

"माझे आजोबा कशाने गेले ठाऊक आहे? तळतळाटाने! लोक बाटल्या परतच आणत नाहीत म्हणून! कुणी त्यात सरबत भरतंय, कुणी फुलं ठेवतंय! जेवताना, झोपताना, चर्चमध्ये, सगळीकडे तेच गाऱ्हाणं. आणि ही शेवटची तर माझ्या आईनेच घरी दडवलेली, दिव्याचं तेल ठेवायला. साठ वर्षं परत गेली नव्हती ती बाटली, डेटमर! तुम्ही एकट्याने नेऊन दिलीत."

"तीनदा," डेटमर रडवेल्या आवाजात म्हणाले.

"तीनदा! आजोबांनी तुम्हाला मिठी मारली असती. धुऊन-भरून आठवडाभरात कुणाच्या तरी टेबलावर जाईल ती. इथे मखमलीवर बसून काय करत होती? कार्डावर 'सध्याचं ठिकाण' असं असतं ना? लिहा: वापरात."

डेटमरांच्या डोळ्यांत पाणीच आलं. त्यांनी कार्ड काढलं आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं. मग टोन्सिंगबाईंनी केकचे दोन तुकडे खाल्ले, सुका आहे असं पुन्हा सांगितलं, आणि इमारत तीस वर्षांसाठी संग्रहालयाला दिली. "खोटं बोलला असतात तर व्यायामशाळा झाली असती," जाता जाता म्हणाल्या. "बुचावर लाल अक्षरं नाहीत हे मला तुमच्या कपाटाच्या पाठीच्या आरशात आल्याबरोबर दिसलं होतं."

कराराचा मसुदा त्यांनी पुढच्याच आठवड्यात पाठवला. सगळी कलमं नेहमीचीच होती, सातवं तेवढं त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलं होतं: 'रिकाम्या बाटल्या दुकानात नेण्याचं काम संस्थेने श्री. डेटमर सोडून कुणाकडेही द्यावं.'

संस्थेत टायपिंग येणारा माणूस एकच. डेटमरांनी सातवं कलम मान खाली घालून टाइप केलं, तीन प्रती काढल्या, भोकं पाडून फायलीत लावल्या. आणि 'सोडून' या शब्दाखाली रेघ मारायची का, हेही टोन्सिंगबाईंना फोन करून विचारून घेतलं.

बाई म्हणाल्या, दोन मारा!