हेल्मुटकाकांनी पाडलेली विमानं

आमचे शेजारी हेल्मुटकाका घराबाहेर पडण्याआधी दारातच थांबत, एक डोळा मिटून अंगठा सूर्यावर धरत आणि त्याच्या कडेकडेने आभाळ न्याहाळत. आम्ही कॅनडातल्या केंब्रिजला नवीन राहायला आलो तेव्हा बायको कौतुकाने म्हणाली, "गोरा माणूस, पण रोज सूर्याला नमस्कार करतो बघ."

तो नमस्कार नव्हता. काका दुसऱ्या महायुद्धात जर्मनीचे लढाऊ वैमानिक होते. शत्रू उन्हाआडून येतो, हे अंगात इतकं भिनलेलं, की ऐंशी उलटल्यावरही ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल करायला ते आभाळ तपासूनच उतरत.

त्यांना ग्रोसरीला नेणं म्हणजे शिक्षा. शेजारी बसून सारखी मान फिरवत आणि "मागे, डावीकडे, पांढरी, जवळ येतेय," असं बजावत राहत. पांढऱ्या गाडीत एखादी आजी असे. "मागचं बघणारा घरी पोचतो," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

युद्धाबद्दल कोणी विचारलंच, तर सांगत, "मी तीन विमानं पाडली. तिन्ही आमचीच." एकोणिसाव्या वर्षी, घाईघाईने शिकवून, त्यांना आभाळात धाडलं होतं. पहिलं विमान उतरताना मोडलं. दुसरं पेटलं, तेव्हा काका पॅराशूटने खाली आले. तिसऱ्यातलं पेट्रोल संपलं आणि ते कोबीच्या शेतात टेकलं. शेतकरीण इतकी भांडली, की शत्रूने कैद केलं तेव्हा सुटल्यासारखं वाटलं, म्हणे. पुढे ते कॅनडात आले, कारखान्यात राबले. आता बायको वारलेली, मुलगा व्हँकुव्हरला.

नोव्हेंबरात इथे युद्धात गेलेल्या सैनिकांसाठी स्मारकापाशी लोक जमतात. एका वर्षी माझ्या मुलीच्या शाळेचं गाणं होतं, म्हणून आम्ही गेलो. रस्त्यापलीकडे, बसस्टॉपवर काका उभे दिसले. सूट, टाय, डोक्यावर टोपी. गाणं संपल्यावर मी त्यांच्याकडे गेलो आणि तिकडे चला म्हणालो. त्यांनी नकारार्थी मान हलवली. आमची बाजू चुकीची होती, हे मला कळतं, म्हणाले; तिथे ज्यांची माणसं गेली, त्यांच्यात मी कुठल्या तोंडाने उभा राहू? दर वर्षी ते इथूनच बघत.

"विली बराकीत माझ्या शेजारच्या खाटेवर झोपायचा," ते म्हणाले. "बूट पुसताना गायचा. एका सकाळी विमान घेऊन उडाला, तो परत आलाच नाही. त्याला एक आई तेवढी होती. तीही आता नसणार."

मी त्यांच्या शेजारीच उभा राहिलो.

"तू आलास ते बरं झालं," ते म्हणाले. "एकटा उभा राहिलो की लोकांना वाटतं, बसची वाट बघतोय."

तेवढ्यात बस आलीच. ड्रायव्हरने दार उघडलं. आम्ही दोघांनी हातानेच नको म्हटलं.

बस गेली. पलीकडे युद्धात गेलेल्यांची नावं वाचायला सुरुवात झाली होती. मी विचारलं, "विलीचं आडनाव काय होतं, काका?"

काकांनी टोपी काढून हातात घेतली आणि त्याचं पूर्ण नाव घेतलं.