रायफलीला मानवेल असं काडतूस

माणसाचा नेम कधीही चुकत नाही. चुकते ती गोळी. जगातल्या सगळ्या नेमबाज मंडळांची उभारणी या एका सत्यावर झालेली आहे. ज्या मंडळांनी ते नाकारलं ती फार काळ टिकली नाहीत, कारण तिथे चहा पिताना बोलायला विषयच उरला नाही.

या गोष्टीतलं मंडळ चांगलं टिकलेलं आहे. गावाबाहेरच्या बंद पडलेल्या खाणीत त्याचं चांदमारीचं मैदान आहे: एक पत्र्याची शेड, पालथं पडून नेम धरायला सहा जाड सतरंज्या, आणि समोर मातीच्या उंच बांधाला टेकवलेली कागदी निशाणं. मंडळात सर्वांत मोठा मान घड्याळजींचा. बाजारपेठेच्या कोपऱ्यावर त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे. उजव्या डोळ्यात भिंग अडकवून ते दिवसभर कणीपेक्षा बारीक चाकं जागच्या जागी बसवत असतात. वडिलांकडून त्यांना दोन वस्तू मिळाल्या, एक ते भिंग आणि दुसरी बोल्ट रायफल. म्हणजे दर गोळीला खिट्टी हातानं मागे ओढायची, पुढे ढकलायची आणि मगच चाप दाबायचा, अशी सावकाश स्वभावाची जुनी रायफल. तिच्या लाकडी दस्त्यावर वडिलांचा गाल टेकून टेकून एक गुळगुळीत खळगा पडला आहे, आणि घड्याळजींचा गाल त्यात बरोबर बसतो. दर रविवारी ते तिला तेल लावतात. (लग्नाला एकतीस वर्षं झाली, पण इतक्या मायेनं आपल्या डोक्याला कुणी तेल लावलं नाही, हे त्यांच्या पत्नीनं एकदाच बोलून दाखवलं. त्यावर घड्याळजींनी तिला तेलाची बाटली दिली.)

तर ही रायफल पणाला लागली, आणि तीही स्वतः घड्याळजींनी लावली. शेजारच्या गावच्या मंडळाचे अध्यक्ष लाकडाचे व्यापारी आहेत. दोन्ही मंडळांच्या वार्षिक सामन्याची ढाल वर्षानुवर्षं त्यांच्याच बैठकीत लटकते. एवढं सोसलं असतं. पण घड्याळजींच्या मुलानं नेमकी त्यांचीच मुलगी पसंत केली आणि ते व्याही झाले. लग्नाच्या जेवणात, चारचौघांत, घड्याळजी म्हणून गेले, "पुढच्या वर्षी ढाल आमच्याकडे येणार. हरलो तर वडिलांची रायफल तुमच्या भिंतीवर!"

व्याही म्हणाले, "अहो, राहू द्या."

समोरच्यानं 'राहू द्या' म्हटलं की माघार घेता येत नाही. घड्याळजींनी तिथेच टाळी दिली. घरी आल्यावर त्यांना रात्रभर झोप लागली नाही, पण टाळी दिलेली होती.

आता रायफल वाचवायची तर काय करावं? सराव करावा, असं एखादा भाबडा माणूस म्हणेल. मंडळानं समिती नेमली.

काडतूस निवड समितीचे अध्यक्ष अर्थातच घड्याळजी. सभासद म्हणून गुरांचे डॉक्टर (तपासणीचा अनुभव), बेकरीवाले (वजनमापांचा अनुभव) आणि मंडळाचे चिटणीस (कसलाही अनुभव नाही, पण अक्षर चांगलं). बाजारात मिळणाऱ्या तयार, कारखान्यातून आलेल्या काडतुसांपैकी या रायफलीला कोणतं मानवतं ते ठरवायचं, एवढंच समितीचं काम. हे हसण्यावारी नेऊ नये. एकाच कारखान्याचं, एकाच मापाचं काडतूस एका रायफलीत घातलं तर पाचही गोळ्या बशीएवढ्या जागेत लागतात, आणि दुसरीत घातलं तर परातभर पसरतात. एकीला हलकी गोळी रुचते, एकीला जड. रायफल आणि जावई यांना काय आवडतं ते विचारून कळत नाही. वाढून बघावं लागतं.

समितीनं वर्षभर वाढून बघितलं. प्राथमिक निष्कर्ष पुढीलप्रमाणे:

लाल खोका. हलकी गोळी. निशाणाच्या डावीकडे लागते. स्वभाव उतावळा.

निळा खोका. जड गोळी. उजवीकडे, खाली, आणि एकदा शेजारच्या निशाणाच्या बरोबर मधोमध. (शेजारच्यानं ती आपलीच म्हणून मोजून घेतली. समितीनं निषेध नोंदवला.)

हिरवा खोका. सर्वांत महाग. चुकते, पण आवाज भारदस्त.

पांढरा खोका. सर्वांत स्वस्त. गुरांच्या डॉक्टरांनी चष्मा लावून सहज म्हणून झाडून पाहिली, तर पाचही गोळ्या बशीत. इतक्या स्वस्तात असं होणं नैसर्गिक नसल्यामुळे निकाल रद्द.

समितीनं सभासदांची पाहणीही केली. नेम चुकण्याची कारणं विचारल्यावर शेकडा बाहत्तर जणांनी काडतुसाकडे बोट दाखवलं, चौदा जणांनी वाऱ्याकडे, नऊ जणांनी चाप दाबताना शेजारी शिंकलेल्या माणसाकडे, आणि उरलेल्या पाच जणांनी त्या शिंकलेल्या माणसाच्या बायकोकडे, कारण तिनं त्याला गार पाण्यानं आंघोळ घातली होती. 'स्वतःची चूक' असाही एक रकाना चिटणिसांनी आखला होता. वर्षभर रिकामा राहिल्यामुळे कागद वाचवण्यासाठी तो काढून टाकला.

घड्याळजींनी या कामात स्वतःला झोकून दिलं. दुकान बंद झालं की ते प्रत्येक काडतूस भिंगाखाली धरत, सोनाराच्या तराजूत तोलत, कानाशी हलवून बघत. त्यातून तीन प्रती ठरल्या: उत्तम, बरं, आणि अवलक्षणी. उत्तम काडतुसं इतकी उत्तम होती की ती उडवून टाकणं त्यांच्या जिवावर येई. ती मखमलीच्या डब्यात सामन्यासाठी राखून ठेवली गेली, आणि चाचण्या अवलक्षणी काडतुसांवर झाल्या. त्या चाचण्यांचे निकाल वाईट आले. यावरून समितीचा मूळ संशय पक्का झाला. एका कारखान्याला तर घड्याळजींनी स्वतःच्या सहीनं कळवलं की आपल्या मालात सचोटी नाही.

मंडळातल्या एका तरुण सभासदानं एकदा "नाचता येईना अंगण वाकडं" ही म्हण मोठ्यानं म्हटली. समितीनं त्यावर दोन बैठका घेतल्या. ठराव असा झाला की या म्हणीत अंगणाची रीतसर पाहणी कुणीच केलेली नाही. ते खरोखरच वाकडं असू शकतं. तरुण सभासदानं माफी मागितली.

एक बारीकशी गोष्ट मात्र घड्याळजींनी समितीपुढे कधी आणली नाही. रायफलीच्या नळीच्या टोकावर नेम धरायची एक छोटी उभी खूण असते, तिला माशी म्हणतात. (दुर्बीण लावायला मंडळात बंदी आहे. दुर्बीण म्हणजे परीक्षेतली कॉपी.) ही माशी अलीकडे थोडी लोकरीसारखी दिसू लागली होती. कडा विस्कटलेल्या, अंग सुजलेलं. जुनं लोखंड हवेनं फुगत असावं, असं त्यांनी मनाशी ठरवलं आणि तेल वाढवलं.

पत्नी एक दिवस म्हणाली, "अहो, डोळे दाखवून या ना एकदा."

"कुणाचे?"

"माझे दोन्ही शाबूत आहेत. तुमचे म्हणते मी."

"अगं, सेकंदकाट्यावरची धूळ दिसते मला!"

"भिंग लावून दिसते. भिंग लावलं तर मलाही दिसेल."

घड्याळजींना हे फार लागलं, आणि त्याला कारण होतं. व्याही चष्मा लावून नेम धरत. त्यावर, पांढऱ्या खोक्याचा निकाल रद्द झाला त्याच सभेत, घड्याळजींनीच म्हटलं होतं की चष्मेवाला नेमबाज म्हणजे कुबड्या घेऊन पळणारा धावपटू. टाळ्या पडल्या होत्या. वाक्य इतिवृत्तात आलं होतं. गुरांच्या डॉक्टरांनी तेव्हापासून मंडळात चष्मा खिशातून बाहेर काढलेला नव्हता.

बाईमाणूस गप्प बसलं म्हणजे विषय संपला, असं समजणाऱ्यांत घड्याळजीही होते. सामन्याच्या आठवड्यात तिनं सांगितलं, की डोळ्यांच्या डॉक्टरांच्या दवाखान्यातलं भिंतीवरचं घड्याळ बंद पडलंय, तुम्हालाच बोलावलंय. घड्याळ खरंच बंद होतं. (ते कुणी बंद पाडलं याची चौकशी झालेली नाही.) काम आटोपल्यावर डॉक्टरांनी एक पुठ्ठा त्यांच्यापुढे हातभर अंतरावर धरला. घड्याळजींचा हात खिशातल्या भिंगाकडे गेला.

"भिंगाशिवाय," डॉक्टर म्हणाले.

भिंगाशिवाय घड्याळजींनी पहिली ओळ वाचली, दुसरी ओळखली आणि तिसरीबद्दल मत दिलं.

"वयाचा नंबर आहे," डॉक्टर म्हणाले. "सगळ्यांना लागतो. रायफलीसाठी हातभर अंतराचा वेगळा करून देतो, निशाण जरा पुसट होईल, पण खूण स्वच्छ दिसेल."

सामन्याच्या आदल्या दिवशी चष्मा आला. घराच्या मागच्या खोलीत, कडी लावून, घड्याळजींनी तो चढवला आणि रिकामी रायफल खांद्याला लावली. माशी कोरल्यासारखी उभी होती. सरळ, बारीक, काळीभोर, लहानपणी वडिलांच्या मांडीवरून पहिल्यांदा पाहिली होती तशी. त्यांना इतका आनंद झाला की डोळे भरून आले, आणि माशी पुन्हा लोकरीसारखी झाली.

मग ते खाटेवर बसले आणि बोटांवर मोजू लागले. वर्षभराची समिती, चार खोक्यांची बदनामी, कारखान्याला लिहिलेलं पत्र, कुबड्यांचं वाक्य. समितीच्या अहवालात चष्म्याचा कुठेच उल्लेख नव्हता, आणि अहवाल तर मंजूर झाला होता.

सामन्याच्या दिवशी शेडमध्ये दोन्ही गावं उभी होती. एका सतरंजीवर व्याही पालथे झाले, नाकावर जाड चष्मा, शेजारी पांढरा खोका. ("दुकानात हाच होता," ते म्हणाले.) दुसऱ्या सतरंजीवर घड्याळजी, मखमलीचा डबा उघडून. चष्मा सदऱ्याच्या खिशात, बरोबर छातीखाली. पालथं पडल्यावर तो त्यांना टोचत होता.

प्रत्येकी दहा गोळ्या. घड्याळजींच्या पहिल्या तीन उत्तम प्रतीच्या गोळ्या तीन दिशांना गेल्या. चौथ्या वेळी त्यांनी खिट्टी ओढली आणि थांबले. रायफल जाणार हे त्यांना कळलं. वडिलांच्या गालाचा तो खळगा उद्यापासून दुसऱ्याच्या भिंतीवर. त्यांनी हात खिशात घातला. चष्म्याची काडी बोटांना लागली.

तेवढ्यात शेजारच्या सतरंजीवरून व्याही अगदी प्रेमानं, सगळ्या शेडला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "काय व्याही, काही हवंय का? माझा चष्मा देऊ? आपलं वय एकच, नंबरही एकच असेल."

मागे कुणीतरी हसलं. घड्याळजींचा हात खिशातून बाहेर आला. त्यात रुमाल होता.

"नको," ते म्हणाले. "काडतुसांना दमट हवा लागलेली दिसते."

उरलेल्या सात गोळ्या त्यांनी दमट हवेत झाडल्या. निकाल लागला. घड्याळजींनी रायफल पुसली, दोन्ही हातांनी व्याह्यांपुढे धरली आणि म्हणाले, "रविवारी तेल लावायचं. फार नाही." व्याही खरोखर ओशाळले. "अहो, राहू द्या," असं ते पुन्हा म्हणाले. त्यामुळे आता देणं भागच होतं.

समितीची तातडीची बैठक शेडमध्येच झाली. ठराव असा: (एक) अध्यक्षांचा नेम निर्दोष होता. (दोन) मखमलीत दमटपणा धरून राहतो, हे समितीच्या ध्यानात आलं आहे. (तीन) मखमल निवड समिती नेमण्यात यावी. गुरांचे डॉक्टर काहीतरी बोलायला उठले, खिशाला हात लावला आणि खाली बसले.

परतताना पत्नीनं विचारलं, "चष्मा होता ना खिशात?"

"होता."

"मग?"

"अगं, अहवाल एकमतानं मंजूर झालेला होता."

घरी गेल्यावर तिनं चहा ठेवला. घड्याळजींनी मागच्या खोलीची कडी लावून घेतली, चष्मा चढवला आणि भिंतीकडे पाहिलं. रायफलीच्या दोन रिकाम्या खुंट्या त्यांना अगदी स्वच्छ दिसल्या.

वाचकहो, तुम्हाला त्यांची कीव आली असेल, थोडं हसूही आलं असेल. आम्हालाही आलं. एवढ्याशा काचेपायी बापाची रायफल घालवणारा माणूस विरळाच म्हणायचा. आता फक्त एक करा. हे पान जिथे धरलं आहे तिथेच धरून ठेवा, आणि आपल्या कोपराकडे बघा. हात जवळजवळ सरळ झालाय ना? साहजिकच आहे. छपाई हल्ली फारच बारीक करतात.