सातव्या होलचा साक्षीदार

डेल्मरला खुर्चीत बसवलं ते त्याचा गुडघा गेला म्हणून, आणि साक्षीदार नेमलं ते तो खोटं बोलत नाही म्हणून. चर्चच्या पुरुष मंडळाची गोल्फ स्पर्धा दर जूनमध्ये भरे. तळ्यापलीकडच्या सातव्या होलवर पहिल्याच फटक्यात चेंडू भोकात घालणाऱ्याला नवाकोरा ट्रक मिळणार होता. ट्रक देणाऱ्या विमा कंपनीची एकच अट होती: हिरवळीजवळ बसलेल्या साक्षीदारानं चेंडू आत जाताना डोळ्यांनी पाहिला पाहिजे.

आजवर तो ट्रक कुणाला मिळाला नव्हता, आणि कुणाचं काही अडलंही नव्हतं. यंदा मात्र चर्चची शिध्याची व्हॅन एप्रिलमध्येच मेली होती. डेल्मर अकरा वर्षं दर गुरुवारी ती चालवून चौदा म्हाताऱ्यांच्या दारी पिशव्या पोचवत होता.

"ट्रक मी मारला तर तो शिध्याला," सकाळी कॉफी पिताना हार्लननं जाहीर केलं.

"चाळीस वर्षं तू फक्त तळं मारतोयस, लेका," डेल्मर म्हणाला.

पाच डॉलरचं तिकीट घेतलं की फसलेला फटका पुन्हा मारता येई. ते पैसे शिध्याला जात. हार्लन एकटाच अशी दहा तिकिटं घेई. त्याच्या वाईट खेळावर तीन घरांचा किराणा निघे. फक्त ट्रकच्या बक्षिसाला पुन्हा मारलेला फटका चालत नसे.

दुपारी डेल्मरनं बायकोनं, आर्डिसनं, दिलेलं अंड्याचं सँडविच उघडलं. प्रार्थनेशिवाय त्यानं आयुष्यात घास तोंडात घातला नव्हता. एरवी प्रार्थना दोन ओळींची असे. त्या दिवशी त्यात व्हॅन आली, मग तिचा गिअरबॉक्स आला, मग चौदा म्हातारेही नावानिशी आले. मध्येच तळ्यात काहीतरी डुबुकलं. बेडूक असेल, असं म्हणून त्यानं डोळे आणखी घट्ट मिटले. 'आमेन' म्हणताना भोकात टक्क वाजलं.

त्यानं डोळे उघडले. तळ्यापलीकडे हार्लन एकटाच दोन्ही हात वर करून उभा होता. सोबतचे दोघे मागे झुडपात आपला चेंडू शोधत होते.

हार्लन धापा टाकत आला. "पाहिलंस ना?"

"चेंडू आत आहे."

"ते मलाही दिसतंय. जाताना पाहिलास का?"

"मी प्रार्थना करत होतो."

"डोळे मिटून?"

"उघडे ठेवून मला जमत नाही."

कंपनीच्या माणसानं कागद पुढे केला तेव्हा भोवती साठ माणसं उभी होती. पाळकसाहेबांनी डेल्मरच्या खांद्यावर हात ठेवला. "नीट आठवा, डेल्मर. एखादा डोळा किलकिला झाला असेल."

"घट्ट मिटा असं तुम्हीच सांगता, पाळकसाहेब."

पाळकसाहेब आपल्या कॉफीच्या पेल्यात बघू लागले. कंपनीच्या माणसानं पेनला टोपण लावलं.

त्या गावात रागावून कुणी बोलत नाही, आणि तेच वाईट. सगळे डेल्मरशी फार सभ्यपणे वागू लागले. तो दिसला की हवेचा विषय निघे. हार्लनच्या दारात मात्र सांत्वनाच्या पाईंची, त्या सारण भरून भाजलेल्या गोड पदार्थांची, रांग लागली. सफरचंदाची, चेरीची, भोपळ्याची पाई. डेल्मर आपल्या छोट्या गाडीतून चार-चार खेपा करून पिशव्या पोचवत होता. दर खेपेला त्याला वाटे, देवाला अर्धं मिनिट थांबवलं असतं तर काय बिघडलं असतं. आपण मागत होतो तेच समोरून चाललं होतं, आणि आपण डोळे मिटून बसलो. तेव्हापासून जेवताना त्याचा एक डोळा आपोआप उघडा राहू लागला. आर्डिसच्या ते लक्षात आलं होतं.

ऑक्टोबरात हार्लन एक अख्खी पाई घेऊन आला. टेबलाशी बसला आणि टोपी हातात फिरवत राहिला.

"डेल्मर, तो माझा दुसरा चेंडू होता."

"आणि पहिला?"

"तळ्यात गेला."

डेल्मरला तो बेडूक आठवला.

"खिशातलं तिकीट काढून तुला दाखवणारच होतो," हार्लन म्हणाला, "तेवढ्यात लोक धावत आले. गोल्फच्या मैदानावर माझी पाठ कधी कुणी थोपटली होती का? मग तू खरं बोललास. म्हटलं, ट्रक तर गेलाच, आता सांगून काय उपयोग?"

"चार महिने झाले."

"रोज सांगणार होतो. पण रोज कुणीतरी पाई आणून द्यायचं."

डेल्मरनं मनात हिशेब केला. डोळे सताड उघडे असते तरी ट्रक मिळाला नसता. चार महिने त्यानं एका बेडकापायी देवापाशी माफी मागितली होती.

"तुझी गाडी मोठी आहे," तो म्हणाला. "गुरुवारी सातला ये. आणि रविवारी सगळ्यांसमोर तूच सांग."

"सांगतो."

आर्डिसनं पाई कापली. तिघांनी हात जोडले. हार्लननं शरमेनं डोळे घट्ट मिटून घेतले. डेल्मरनं मात्र सवयीनं एक उघडा ठेवला. आजवर तो देव काही देतोय का ते बघायला उघडा असे. आज तो हार्लनवर होता.